अखेरची प्रकरणे

गेल्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळातली गोष्ट. माझी मुलगी शिवाजी सावंतांची 'छावा' वाचीत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि अनेक घरांतल्या कपाटांतून ही १९७९ सालची कादंबरी पुन्हा बाहेर आली, तशी ती आमच्याही घरी आली. तीन-चार आठवडे ती रात्री उशिरापर्यंत वाचीत बसे. मग एके दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिने पुस्तक माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "आई, हे तू ठेव. शेवटची प्रकरणे माझ्याच्याने वाचवत नाहीत. पुढे काय होणार ते ठाऊक आहे. मग मुद्दाम दुःख कशाला विकत घ्यायचे?"

त्याच आठवड्यात माझा भाचा तो चित्रपट पाहून आला होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. पण मुठी वळलेल्या होत्या. १६८९ साली संभाजीराजांचे जे हाल झाले, त्यांचा हिशेब आज कोणाकडून तरी चुकता करून घ्यावा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. एकीने पुस्तक मिटले होते, तर दुसऱ्याने मूठ. दोघेही माझ्याच रक्ताची, दोघांचेही अश्रू खरे. तरीही मला वाटले की अशा पुस्तकांचे जे देणे असते, ते या दोघांनाही अद्याप पोहोचलेले नाही. का वाटले, हे सांगायचे तर मला छत्तीस वर्षे मागे, आमच्या जुन्या घरातल्या पावसाळी संध्याकाळींकडे जावे लागेल.

ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत आमचा कोल्हापूर जिल्हा मोठा भाग्यवान. १९६२ साली 'स्वामी' लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, 'छावा'कार सावंत आजऱ्याचे आणि १९८८ साली 'पानिपत' लिहिणारे विश्वास पाटील शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे. एकाच जिल्ह्यातल्या तीन लेखकांनी मराठी माणसाला त्याच्या इतिहासातल्या तीन मोठ्या दुःखांसमोर नेऊन बसवले. 'स्वामी'च्या अखेरीस थेऊरला माधवराव जातात आणि रमाबाई सती जातात. 'छावा'च्या अखेरीस काय आहे ते सर्वांस ठाऊक आहे. आणि 'पानिपत'चे तर नावच पुरेसे आहे. आपल्या बोलीत एखाद्याचा सर्वनाश झाला की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण आजही म्हणतो.

१९८९ साली मी शिवाजी विद्यापीठात मराठी विषय घेऊन एम. ए. करीत होते. आमचे वडील शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे करीत. दिवसभर वाळू, कोळसा आणि वितळलेले लोखंड. पण संध्याकाळी अंघोळ करून, जपमाळ झाली की माणूस पुस्तकाशिवाय बसत नसे. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालापासूनचे आमच्या गावचे जुने ग्रंथालय, आणि त्याचे सभासदत्व ही वडिलांची एकमेव चैन. त्यांनी तिथून 'पानिपत' आणली. जाडजूड कादंबरी, परत करण्याची मुदत ठरलेली, आणि घरात वाचणारे तिघे. तेव्हा वडिलांनी तोडगा काढला : रोज रात्री जेवणानंतर मी मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.

ऐकणाऱ्यांत मोठी काकू होती. आणि काकू होती म्हणूनच आईला हा बेत मुळीच पसंत नव्हता.

काकूविषयी सांगितले पाहिजे. वडिलांचे थोरले बंधू सैन्यात होते. १९६२ च्या मे महिन्यात त्यांचे लग्न झाले. पंधरा-वीस दिवस ते घरी राहिले आणि परत गेले. त्या वर्षी २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण सुरू झाले. १८ नोव्हेंबरला इथे कोल्हापुरात राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. सारे गाव तिकडे लोटले होते आणि आमच्या घरी सर्वजण टपालवाल्याची वाट पाहत होते. तीन दिवसांनी युद्ध थांबले. डिसेंबरात तार आली. तीत काका 'बेपत्ता' असल्याचे म्हटले होते. 'मृत' हा शब्द नव्हता. त्या एका महिन्याच्या युद्धात दीड हजारांहून अधिक भारतीय जवान असे बेपत्ता झाले. पुढच्या वर्षी चीनने युद्धकैदी परत केले, तेव्हा आजी रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावीत असे. परत आलेल्यांत काका नव्हते.

काकू तेव्हा एकवीस वर्षांची होती. माहेरच्यांनी न्यायला माणसे पाठवली. ती गेली नाही. धर्मगुरूंनी समजावले, सासूने समजावले. तिने गळ्यातले क्रूस ओवलेले मंगळसूत्र काढले नाही. ती कधी फारसे रडल्याचेही कोणाला आठवत नाही. ती शिवणकाम करी, आम्हा भावंडांना न्हाऊ घाली, आणि ताटे मांडताना एक ताट जास्तीचे मांडी. ते ताट जेवणानंतर ती गुपचूप उचलून ठेवी. आम्हाला ती घराची रीत वाटे, इतकी ती आमच्या अंगवळणी पडली होती.

घरात एकच गोष्ट कधी बोलली जात नसे. नोव्हेंबर महिना मृत भाविकांच्या स्मरणाचा. २ नोव्हेंबरच्या मिस्सेसाठी प्रत्येक कुटुंब आपल्या मृतांची नावे कागदावर लिहून देते. आमच्या घरच्या कागदावर आजोबांचे नाव असे, पुढे आजीचेही आले. पण मोठ्या काकांचे कधी आले नाही. एका वर्षी वडिलांनी भीत भीत विषय काढला, तेव्हा काकू शांतपणे म्हणाली होती, "भाऊजी, तुमी लिवलंसा तर माझी ना न्हाई. पर त्यांचं नाव त्या कागदावर गेलं, तर मीच त्यास्नी मारल्यागत व्हईल." वडिलांनी पुन्हा कधी विचारले नाही.

अशा बाईसमोर पानिपत वाचायचे! आईने वडिलांना स्वयंपाकघरात नेऊन बजावले. वडिलांनाही ते पटले होते. पण काकूनेच सुपात तांदूळ घेऊन बैठक मारली आणि मला म्हणाली, "वाच."

पावसाळा होता. वीज मधूनमधून जाई आणि मग कंदिलाच्या उजेडात मी वाची. उत्तरेकडची ती दीर्घ वाटचाल, सैन्यासोबत निघालेले यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे. पुढे पानिपताच्या छावणीची कोंडी, संपत आलेले धान्य, उपाशी माणसे आणि उपाशी जनावरे. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीनंतरची ती बुधवारची सकाळ, जेव्हा उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे म्हणत लष्कर बाहेर पडले. वडील मधेच म्हणाले, "यांत आपलं कोणी असलंच, तर ते बुणग्यांत असणार. सरदारांची नावं राहिली. लाकडं फोडणारा, चारा कापणारा, पखाल वाहणारा गेला, त्याची नोंद कुठं?" फौंड्रीत राबणाऱ्या माणसाला तो प्रश्न पडणे साहजिकच होते. मला मात्र तोवर तो पडला नव्हता. मी परीक्षेच्या दृष्टीने वाचीत होते, वडील त्या गर्दीत आपला माणूस शोधीत होते.

अखेरची प्रकरणे आली, तशी मी चलाखी करू लागले. काकूकडे चोरून पाहायचे आणि जिथे फार भयंकर असेल तिथे दोन-तीन परिच्छेद गाळून पुढे जायचे. पहिल्या रात्री ते खपले. दुसऱ्या रात्री सुपातला हात थांबला.

"मधलं सोडलंस," काकू म्हणाली.

"नाही काकू."

"सोडलंस. घोड्यावर होता तो मानूस एकदम कुटं गेला? मागं जा. जे हाय ते वाच. थांबू नगंस."

मी आईकडे पाहिले. आई पदराने डोळे पुसत होती. वडिलांनी नुसती मान हलवली आणि मी मागे जाऊन वाचू लागले.

विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिल्याचे खात्रीने सांगणारा कोणी उरला नाही. दुसऱ्या दिवशी एक शिर नसलेला देह सापडला. तो भाऊंचाच असे ओळखून त्याला अग्नी देण्यात आला, तरी अनेकांच्या मनात शंका राहिली. दक्षिणेत बातमी पोहोचली ती मोत्ये आणि मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेत. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांनी देह ठेवला.

वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग काकूने विचारले, "त्या भाऊसायबाची बायकू? तिचं म्होरं काय झालं?"

त्याचे उत्तर वडिलांना ठाऊक होते. पार्वतीबाई त्या मोहिमेत पतीसोबत होत्या. त्या रणातून कशाबशा वाचून पुण्याला पोहोचल्या. आपले पती गेले हे त्यांनी मान्य केले नाही. वैधव्याची कोणतीही खूण त्यांनी स्वीकारली नाही. काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' म्हणणारा एक मनुष्य उभा राहिला. पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, बंड माजले, आणि अखेर चौकशी होऊन १७७६ साली त्या तोतयाला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' नावाचे नाटकच लिहिले. वडील सांगत गेले आणि मग एकाएकी आपण काय बोलत आहोत हे ध्यानात येऊन गप्प झाले.

कारण आमच्याही दारी एक तोतया येऊन गेला होता. १९७१ साली एक मनुष्य आला. मोठ्या काकांना आपण एका दूरच्या इस्पितळात पाहिले आहे, त्यांची स्मृती गेली आहे, भाड्याचे पैसे दिलेत तर घेऊन येतो, असे त्याने सांगितले. काकूने आपल्या शिवणाच्या पैशांतून साठवलेले सारे त्याला दिले. तो पुन्हा आला नाही. ही हकिगत मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हती. ती काकूनेच सांगितली, तांदळातले खडे बाजूला काढीत, जणू शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तशी. सांगून झाल्यावर ती थोडे हसली. आणि हसता हसता सत्तावीस वर्षांचे पाणी तिच्या डोळ्यांतून वाहू लागले. सूप कलंडले, तांदूळ जमिनीवर पसरले. आई तिला धरून बसली होती. मला वाटले, आपण हे काय करून बसलो! ते पुस्तक उचलून बाहेरच्या पावसात फेकून द्यावे असे मला त्या क्षणी झाले होते.

दोन दिवस काकू फारशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंगणात असताना ती म्हणाली, "त्या पार्वतीबाईला कुनी सांगितलं न्हाई का गं, की वाट बघत बघत बी मानसासाठी परार्थना करता येती म्हनून?" मला उत्तर सुचले नाही. आजही मला त्या प्रश्नाहून अधिक काही सुचत नाही.

ऑक्टोबराच्या अखेरीस ती एकटीच आमच्या धर्मगुरूंकडे गेली. आपला मनुष्य गेला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, तर त्याचे नाव द्यावे की न द्यावे, असे तिने विचारले. फादर थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बाई, तुम्ही नाव द्या. ते जिवंतांच्या यादीत वाचायचं की मृतांच्या, ते देव पाहून घेईल." त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला आजी-आजोबांच्या नावांनंतर काकांचे नाव वाचले गेले. वडिलांनी माझा हात घट्ट धरला होता. काकू ताठ बसून होती. मंगळसूत्र तिने पुढेही काढले नाही. जास्तीचे ताट मात्र त्या दिवसापासून मांडले गेले नाही.

वाचकहो, एका कादंबरीने हे केले, असे माझे म्हणणे नाही. ते देवाच्या कृपेचे काम. पण कृपेलाही आत यायला दार लागते. आम्ही सर्वांनी प्रेमापोटी ते दार सत्तावीस वर्षे बंद ठेवले होते. काकूला दुखू नये म्हणून आम्ही तिच्या दुःखाचा उच्चार टाळला आणि तिला त्या दुःखात एकटी ठेवली. ते दोनशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कोणा बाईच्या नावाने घरात आले, तेव्हा कुठे तिला आपले दुःख बाहेरून पाहता आले. स्वतःच्या जखमेकडे पाहण्याचे धैर्य होत नाही, तेव्हा परक्याची जखम आरशाचे काम करते. आणि मी परिच्छेद गाळीत राहिले असते, तर तो आरसाच फुटला असता.

त्यानंतर घरात वाचनाची रीतच पडली. वडिलांनी बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ची एक जुनी प्रत मिळवली. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, १८५४ साली ख्रिस्ती झाले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचे नाव घेतात, ते १८५७ साली त्यांनीच लिहिले, याचा वडिलांना कोण अभिमान! विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक आले. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते आणि अखेर तिच्यावरही तोच प्रसंग येतो. लिहिले गेले तेव्हा ते आजचे पुस्तक होते; आपल्यासाठी तो इतिहास झाला. काकू ते ऐकताना वरचेवर म्हणे, "तवा बी कुनीतरी लिवून ठेवलं म्हनायचं." आपल्यासारख्यांचे दुःख कोणाला तरी लिहून ठेवण्याजोगे वाटले, एवढ्यानेच तिला केवढा दिलासा मिळे!

काकू २०११ साली गेली. तिच्या जाण्यानंतर पुष्कळ दिवस मला देवाविषयी एक राग होता. त्या बाईने इतकी वर्षे हाक मारली आणि वरून एक शब्दही आला नाही, हा कोणता न्याय? त्या काळात मला शुसाकू एंडो या जपानी कॅथलिक लेखकाची १९६६ सालची 'सायलेन्स' ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचायला मिळाली. सतराव्या शतकात जपानात ख्रिस्ती लोकांचा जो छळ झाला, त्याची ती कहाणी. आपल्याला तो छळ परका नाही. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्याच भूमीवर, नागासाकीला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेले आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. पण एंडो रक्तसाक्ष्यांविषयी जितके लिहितो, त्याहून अधिक खचलेल्यांविषयी लिहितो. प्रभूच्या प्रतिमेवर पाय ठेवला तर दुसऱ्यांचा छळ थांबेल, अशा पेचात सापडलेला एक धर्मगुरू आणि त्याच्या प्रार्थनेसमोर पसरलेले देवाचे मौन, हा त्या पुस्तकाचा विषय. ते वाचून मला उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. पण देव गप्प होता तेव्हा तो गैरहजर होता असे नव्हे, तो कदाचित त्या दुःखातच बसून होता, हा विचार प्रथम त्या पानांवर मला शिवून गेला. जास्तीचे ताट मांडणाऱ्या काकूशेजारी कोण बसत असे, हे मी नव्याने पाहू लागले.

आता भाच्याच्या वळलेल्या मुठीविषयी. दुःखाचे वाचन माणसाला मऊ करते, तसेच ते त्याला कठोरही करू शकते, हे आपण मान्य केले पाहिजे. आणि हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण याबाबतीत आपलेच हात स्वच्छ नाहीत. आपण दर वर्षी गुड फ्रायडेला उभे राहून प्रभूच्या दुःखसहनाची कथा ऐकतो. निरपराध माणसावरच्या अन्यायाची याहून मोठी कथा कोणती? पण शतकानुशतके तीच कथा ऐकून युरोपातले ख्रिस्ती लोक चर्चबाहेर पडले आणि त्यांनी यहुदी शेजाऱ्यांची घरे जाळली. त्या दिवसाच्या प्रार्थनेत यहुद्यांविषयी असलेला एक दुखवणारा शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकला. पुढे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने जाहीर केले की, प्रभूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट लादता येणार नाही, मग आजच्या यहुद्यांवर कसा लादणार? एवढे उमगायला आपल्याला एकोणीसशे वर्षे लागली.

आणि तरी कसे वाचावे याचा धडा आपल्याच उपासनेत होता. त्या दिवशीच्या वाचनात प्रभूचे शब्द धर्मगुरू वाचतात. आपल्या, म्हणजे भाविकांच्या, वाट्याला काय येते? जमावाचे शब्द. त्याला क्रुसावर द्या असे ओरडणाऱ्यांची भूमिका ख्रिस्तसभा आपल्या तोंडी देते. लहानपणी मला ते शब्द उच्चारताना लाज वाटे, आणि मी नुसतेच ओठ हलवी. आता कळते की ती लाज वाटावी यासाठीच ते आपल्याकडे दिलेले आहेत. दुःखाची कथा ऐकताना माणूस चटकन पीडिताच्या जागी जाऊन बसतो. तिथे बसणे सोपे असते. ख्रिस्तसभा आपल्याला तिथून उठवते आणि जमावात नेऊन उभे करते.

भाच्याला मी हेच माझ्या शब्दांत सांगितले. म्हटले, पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांकडून लढला आणि पकडला गेल्यावर हाल होऊन मेला. त्याला तू कोणत्या बाजूला टाकणार? पळून आलेल्या जखमी मराठ्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने आणि त्याच्या राणीने, किशोरीदेवीने, अन्नवस्त्र दिले; त्या वेळी तो मराठ्यांच्या बाजूने लढतही नव्हता. आणि १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा तिथल्या आयांनी मुलांना निजवताना 'बर्गी आले' अशी भीती घातली. ती अंगाईगीते तिथे अजून आहेत. बंगालातल्या एखाद्याने त्या दुःखाची कादंबरी लिहिली, तर तिच्यातला जमाव कोण? भाचा गप्प राहिला. त्याला ते सारे पटले असे मी म्हणत नाही. पण जाताना त्याने विचारले, "मावशी, तू 'पानिपत' म्हणालीस ते आहे का घरी?" आमची स्वतःची प्रत मी नंतर विकत घेतली होती. ती त्याला दिली. ती अद्याप परत आलेली नाही, आणि मी मागितलेली नाही.

राहिली मुलगी. दुःख विकत कशाला घ्यायचे, हा तिचा प्रश्न खोटा नाही. प्रत्येक पुस्तकाची एक वेळ असते आणि प्रत्येक वाचकाचीही. नुकतेच ज्याचे घर उजाडले आहे, त्याच्या हातात असे पुस्तक देऊ नये. त्याच्याजवळ नुसते बसावे. आणि रडवणारे प्रत्येक पुस्तक चांगले असते असेही नव्हे. केवळ अश्रू काढण्यासाठी यातनांचे रसभरित वर्णन करणारीही पुस्तके असतात. ती खुशाल मिटावी. पण जे पुस्तक गेलेल्या माणसाला त्याचा मान परत देते, नोंद नसलेल्यांची नोंद घेते, ते वाचणे ही एक प्रकारची प्रार्थनाच आहे. मृतांसाठी आपण दुसरे काय करतो? त्यांचे नाव घेतो, थोडा वेळ थांबतो, त्यांना एकटे सोडीत नाही. लाजरसाच्या कबरीपाशी प्रभूला अश्रू आवरले नाहीत. आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरीही त्याने रडणे गाळले नाही. शेवट ठाऊक असणे हे रडणे टाळण्याचे कारण नव्हे.

हे सारे मी मुलीला असे सांगितले नाही. मी तिला फक्त काकूची गोष्ट सांगितली. तिला काकू आठवते ती थकलेली, देवघरापाशी जपमाळ ओढीत बसलेली. पार्वतीबाई, तोतया, सांडलेले तांदूळ, यातले काहीच तिला ठाऊक नव्हते. ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

गेल्या २ नोव्हेंबरला आमच्या घरचा कागद तिने लिहिला. आजोबा, आजी, मोठे काका, मोठी काकू, माझे वडील, आई. काका-काकूंची नावे तिने एका ओळीत शेजारी शेजारी लिहिली. लिहून झाल्यावर म्हणाली, "आई, ते पुस्तक अजून तुझ्याकडेच आहे ना? मी एकटी वाचणार नाही. तू मोठ्याने वाचशील?"

खूण घातलेले पान तिथेच होते. आम्ही तिथून पुढे सुरुवात केली आहे. आठवड्यातून एखादी संध्याकाळ मिळते. चार-पाच पाने होतात. परवा एका जागी माझा आवाज बसला आणि माझ्या नकळत मी दोन ओळी सोडून पुढे गेले.

"मधले सोडलेस," मुलगी म्हणाली.

मी मागे गेले आणि जे होते ते वाचले.